डभोईचा साबण

नील शुक्रवारी दुपारी बडोद्याला उतरला, तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर आणि हनुवटीखाली काळसर लव होती आणि तिला अजून कुणी पातं लावलेलं नव्हतं. विमानतळाच्या दाराशी उभ्या असलेल्या गोविंदरावांनी सगळ्यात आधी तीच पाहिली. मग नातवाचं हसू पाहिलं, मग त्याच्या पाठीवरची भलीमोठी पिशवी.

याला कारण होतं. आठ दिवसांपूर्वी मालविकेचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, नीलला दाढी करायला तुम्ही शिकवा हं. त्याच्या बाबाचं काय, मशीन फिरवलं की झालं. नील म्हणाला, मी आजोबांकडूनच शिकणार."

त्या रात्री गोविंदराव दोनदा उठून पाणी प्याले.

चौतीस वर्षं ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दांडिया बाजारातून संध्याकाळी फिरायला निघाले की कुणी ना कुणी टक्कल पडलेला गृहस्थ वाकून नमस्कार करायचा, आणि ह्याची पेन्सिल मुठीत धरायची सवय आपण कशी सोडवली हे त्यांना बरोबर आठवायचं. किती पोरांना त्यांनी लिहितं केलं, वेळ वाचायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं, त्याची गणतीच नव्हती. आपल्या एकुलत्या एक नातवाला मात्र त्यांनी काहीच शिकवलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन गावात तो जन्मला आणि वाढला. अक्षरं तिथल्या शाळेत शिकला, सायकल बापाने शिकवली, पोहायला क्लबात शिकला. दोन-तीन वर्षांनी बडोद्याला यायचा तो प्रत्येक वेळी आणखी काहीतरी शिकून आलेला असायचा. आनंदीबाई होत्या तोवर म्हणायच्या, "पोर शिकतंय ना, मग कुठेही शिको." त्या जाऊन चार वर्षं झाली होती.

आता सतरा वर्षांचा नील पहिल्यांदाच एकटा आला होता, वसंतातल्या सुट्टीत, नऊ दिवसांसाठी. निमित्त देवश्रीच्या लग्नाचं. देवश्री ही गोविंदरावांचे धाकटे भाऊ प्रतापराव यांची नात, निजामपुऱ्यात राहणारी. लग्न पुढच्या शुक्रवारी होतं. त्याआधी नीलला काहीतरी शिकवायची ही एक गोष्ट शिल्लक होती, आणि पोराने ती आपण होऊन मागितली होती.

जेवण झाल्यावर नीलने पिशवी उपसली. चॉकलेटं निघाली, आईने दिलेलं चीज निघालं, लग्नात घालायचा कुर्ता निघाला.

"दाढीचं सामान कुठंय?" गोविंदरावांनी विचारलं.

"मुद्दाम आणलं नाही."

"मुद्दाम म्हणजे?"

नीलने मांडी घातली. त्याचं मराठी घरात शिकलेलं होतं, स्वच्छ पण जरा सावकाश. "माझा मित्र आहे ना, त्याचे आजोबा खूप फिरतात. ते कुठेही गेले तरी घरचा साबण नेत नाहीत. पोर्तुगालला गेले की तिथला घेतात, तुर्कस्तानात गेले की तिथला. कुठल्या गल्लीत काय मिळतं ते शोधत बसतात. म्हणतात, परदेशात गेलं की तिथल्या लोकांच्या साबणाने दाढी करावी, म्हणजे तो देश तोंडाला लागतो. मी बडोद्याला जातोय म्हटल्यावर म्हणाले, बघ हं, काही नेऊ नकोस."

"पण बडोदं काय परदेश आहे होय रे?"

"माझ्यासाठी आहे ना आजोबा. व्हिसा काढून आलोय मी."

तो हे अगदी सरळपणे बोलला. गोविंदराव पाणी आणायला म्हणून उठले. त्यांचं भांडं भरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नील आरशासमोर उभा राहून हनुवटी चोळत होता. "आज करायची का?"

"आज शनिवार. शनिवारी दाढी करत नाहीत."

"का?"

असंच असतं, हे उत्तर त्यांनी वर्गात कधीच दिलं नव्हतं. ते जरा विचार करून म्हणाले, "माझे वडील करत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस तोंडालाही सुट्टी द्यावी."

"हे चांगलंय," नील म्हणाला आणि पुन्हा अंथरुणात शिरला.

रविवारी दोघं साबण शोधायला बाहेर पडले. आधी एका चकचकीत दुकानात गेले. तिथे फडताळभर डबे होते. नीलने एकेक उचलून पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं आणि पुन्हा जागेवर ठेवला. "हा आमच्या कोपऱ्यावर मिळतो. हाही. हा तर बाबा वापरतो." मग त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठला वापरता?"

गोविंदरावांनी त्याच फडताळातल्या एका ट्यूबकडे बोट दाखवलं. त्यांना उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

"पूर्वी हा नव्हता," ते म्हणाले. "पूर्वी गोल साबण असायचा. हिरवट. वाटीत ठेवायचा आणि ओल्या ब्रशने घोटायचा. पाणीगेटजवळ एका दुकानात मिळायचा. चल."

पाणीगेटचं दुकान होतं तिथेच होतं, फक्त गल्ल्यावर बाप जाऊन मुलगा बसला होता, आणि तोही आता पन्नाशीचा. त्याने वरच्या फळीवरून धूळ झटकत एक लोखंडी रेझर काढला, पात्यांचं पाकीट काढलं, लाकडी मुठीचा ब्रश काढला, तुरटीचा बर्फासारखा खडा काढला.

"काका, आ बधुं हवे कोण वापरे छे?" तो हसून म्हणाला.

"हा वापरणार आहे," गोविंदराव नीलकडे बघत म्हणाले. "आणि गोल साबू?"

दुकानदाराने मान हलवली. "ए तो डभोईवाळा गुणवंतभाई घरे बनावता. बे वरसथी माल नथी आव्यो. छे के गया, ए पण खबर नथी."

दोन वर्षांत साबण आला नाही आणि बनवणारा आहे की गेला तेही ठाऊक नाही, हे नीलला अर्धंमुर्धं कळलं. त्याने विचारलं, "मग क्रीमने करू या का आज? मला चालेल."

वार रविवार होता, हाताशी रेझर होता, घरी ट्यूब होती. गोविंदराव म्हणाले, "तुला इथलाच हवाय ना? मग शोधू. डभोई काही लांब नाही."

सोमवारी सकाळच्या एसटीने ते डभोईला गेले. ऊन असं होतं की खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. नीलला खिडकी दिली होती. बसभर गोविंदराव त्याला काही ना काही दाखवत राहिले: हे कापसाचं रान, ही एरंडी, हा कालवा. तो खरोखर बघत होता. हीरा भागोळीच्या दगडी वेशीखाली उभं राहून त्याने मान वर करून कोरलेले हत्ती मोजले, आणि गोविंदरावांनी त्याला मोजू दिले, स्वतःला संख्या ठाऊक नव्हती हे सांगितलं नाही.

गुणवंतभाई जिवंत होते. चार ठिकाणी विचारल्यावर त्यांचं घर सापडलं. पडवीत बाजेवर बसलेला वाळकुडा म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. साबण म्हटल्यावर त्याने आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग नीलकडे पाहिलं.

"छोकरो क्यांनो?"

"नेदरलँडचा. माझा नातू."

"त्यां साबु नथी मळतो?"

नील हसला. गोविंदरावांनी मित्राच्या आजोबांची गोष्ट गुजरातीत सांगितली, तुर्कस्तानसकट. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग त्याने नीलला जवळ बोलावलं, त्याची हनुवटी अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाला, "आने माटे साबु? आ तो टुवालथी नीकळी जशे."

टॉवेलनेच निघून जाईल, हे मात्र नीलला पूर्ण कळलं. तो इतका लाल झाला की आतून डोकावणारी सूनही हसू लागली.

साबण बनवणं बंद झालं होतं. हात थरथरतात, चुलीपाशी उभं राहवत नाही. पण सुनेने कोठीतल्या पत्र्याच्या डब्यात हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वड्या काढल्या. दोनच उरल्या होत्या. गोविंदरावांनी कागद उलगडून वास घेतला. वाळा आणि एरंडेल. चाळीस वर्षांपूर्वीची सकाळ होती ती. मालविका पाळण्यात, आनंदी स्वयंपाकघरात आणि ते शाळेची वेळ गाठायला घाईघाईने गालाला फेस लावताहेत.

"कसा आहे?" नीलने विचारलं.

"तूच बघ."

नीलने डोळे मिटून वास घेतला. "हा कुठेच मिळत नाही," तो म्हणाला आणि गोविंदरावांना आपणच तो साबण केला असल्यासारखं वाटलं.

चारच्या सुमाराला ते बडोद्यात परत आले. घरी जाऊन दाढी करायला भरपूर उजेड होता. पण गोविंदराव म्हणाले, आधी सेवउसळ खाऊ. ती खाल्ली. मग म्हणाले, सूरसागराला एक चक्कर मारू. तलावाच्या कठड्याशी बसून नीलने त्याच्या शाळेबद्दल सांगितलं, एका मुलीबद्दल सांगितलं आणि हे आईला सांगू नका म्हणाला. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.

"दिवेलागणीनंतर दाढी करत नाहीत," गोविंदराव म्हणाले.

"ओके."

मंगळवारी त्यांनी सांगितलं, "आज तुझा जन्मवार. जन्मवारी दाढी करायची नाही."

"मी मंगळवारी जन्मलो?" नीलला मजा वाटली. "मला कुणी सांगितलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. सकाळी सहाला फोन वाजला, आजीने उचलला आणि ऐकल्यावर रिसीव्हर जागेवर ठेवायचीच विसरली. मग दिवसभर कुणाचाच फोन लागेना आणि तिने पदर खोचून सगळ्या गल्लीला पेढे वाटले. नील गालावर हात ठेवून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने विचारलं, "आणि तुम्ही काय केलं?" गोविंदरावांना आठवेना. ते शाळेत गेले असावेत.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नील अंघोळ करून आला. खांद्यावर टॉवेल, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात वाटी आणि वाटीत ती हिरवट वडी. त्याने ती स्वतःच कागदातून काढून ठेवली होती.

"आज करू?"

गोविंदराव वर्तमानपत्र वाचत होते. ते न उठताच म्हणाले, "आज अमावस्या आहे रे."

नील एक क्षण उभा राहिला. "अच्छा," म्हणाला. मग वाटी फळीवर ठेवली, ब्रश तिच्याशेजारी उभा केला आणि खोलीत जाऊन फोन घेऊन पडला.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बुधवारच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं: अमावस्या समाप्ती सकाळी ७.५२. गोविंदरावांनी ते पहाटेच वाचलं होतं. नऊ वाजता अमावस्या उरलीच नव्हती. नीलला देवनागरी वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी त्याने ताडून पाहिलं नसतं, कारण आजोबा सांगताहेत म्हणजे तसंच असणार.

त्यांनी पेपर खाली ठेवला. आपण असं का केलं, हे त्यांना नीट माहीत होतं, म्हणूनच वाईट वाटत होतं. दाढी राहिली आहे तोवर पोर रोज सकाळी आपल्यापाशी येऊन "आज का?" म्हणून विचारतं. एकदा शिकवून झाली की दहा मिनिटांचं काम आणि मग नऊ दिवसांतले उरलेले दिवस तो फोन घेऊन पडून राहणार. ताटातला गोड घास कडेला सारून ठेवावा तशी त्यांनी ती दाढी कडेला सारून ठेवली होती. शाळेत नव्या शिक्षकांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: मुलाने ज्या मिनिटाला विचारलं त्या मिनिटाला शिकवा, उद्यावर टाकलंत तर उद्या ते मूल विचारणारच नाही. लोक वहीत लिहून घ्यायचे.

ते उठून नीलच्या दाराशी गेले. "नील, ऐक, मी काय म्हणतो..."

नीलच्या कानात गाणी होती. त्याने एका कानातलं काढून वर पाहिलं. "काय?"

"काही नाही. चहा घेणार का?"

"नको."

गुरुवारी त्याने विचारलंच नाही. गुरुवारी दाढी न करायची आनंदीबाईंची पद्धत होती आणि गोविंदरावांनी ते उत्तर तयार ठेवलं होतं. मग त्यांनी ठरवलं की विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, सरळ पाणी गरम करायला ठेवायचं. दहा वाजले, अकरा वाजले. नील बाहेर आला, ब्रश-वाटीवरून नजर फिरवली आणि चार्जर शोधून परत आत गेला. आपण होऊन म्हणावं, तर आता कुठल्या तोंडाने, असं त्यांना झालं.

संध्याकाळी देवश्रीचा भाऊ सोहम स्कूटर घेऊन आला. पंचविशीचा, बोलका मुलगा. "मोठे आजोबा, नीलला नेतो. मेंदी आहे. आज सगळी पोरं आमच्याकडेच झोपणार."

नील इतक्या झटकन तयार झाला की तो सोहमचीच वाट बघत बसला होता हे उघड होतं.

"ने की," गोविंदराव म्हणाले. "पण सकाळी सातला इथे आणून सोड. त्याची दाढी करायची आहे. पहिली आहे. फोटोत नीट दिसला पाहिजे."

"सोडतो ना. साताला एक मिनिट कमी."

शुक्रवारी गोविंदराव साडेपाचला उठले. टेबल खिडकीपाशी ओढलं, कारण उजेड डावीकडून यायला हवा. त्यावर धुतलेलं फडकं पसरलं. मोठा आरसा भिंतीला टेकवला, लहान आरसा हाताशी ठेवला. रेझरमध्ये नवं पातं बसवलं, ब्रश गरम पाण्यात भिजत घातला, तुरटी ओली करून बशीत ठेवली. काय क्रमाने सांगायचं ते मनात घोळवलं. आधी पाणी, भरपूर. मग फेस, गोल गोल, घाई नाही. मग सुलट हात. उलटा हात आज नाहीच, तो पुढच्या वेळी.

सात वाजले. साडेसातला त्यांनी पाणी पुन्हा गरम केलं. आठला सोहमचा फोन आला. मागे सनईची टेप आणि बायकांचा गलका. "मोठे आजोबा, आम्ही इथूनच हॉलवर जातोय. उशीर झालाय सगळ्यांना. तुम्हाला घ्यायला गाडी पाठवू?"

"नको. मी रिक्षाने येतो."

फोन ठेवून त्यांनी मांडलेलं सामान एकेक करून आवरलं. वडी कोरडीच होती, ती कागदात परत गुंडाळली. मग आपल्या ट्यूबने आपली दाढी केली.

हॉलमध्ये शिरताच प्रतापराव भेटले. फेटा बांधलेले, घामाघूम. "दादा, तुझा नातू बघ. नवरदेव राहिला बाजूला, सगळ्या मुली ह्याच्याकडेच बघताहेत."

नील कुर्त्यात होता. ओठावरची लव नव्हती, हनुवटीखालची नव्हती. तोंड एकदम लहान मुलासारखं आणि तरी अनोळखी दिसत होतं. ओठाच्या कोपऱ्याला कापल्याची एक बारीक रेघ होती.

"आजोबा," तो पुढे आला आणि मध्येच थांबला. त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"मीच केली," सोहम म्हणाला. "मशीन, वर एक हात ब्लेडचा. दोन मिनिटांत चकाचक. सकाळी फोटोवाला आला होता ना, तो म्हणाला, सगळ्या भावांचा एक काढू."

"छान झाली," गोविंदराव म्हणाले.

नील त्यांच्याबरोबर पंगतीत बसला. श्रीखंड वाढून झाल्यावर हळूच म्हणाला, "मी सोहमदादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, आता कुठे तिकडे जायचं. रागावलात?"

"रागवायचं काय त्यात. दाढी व्हायला हवी होती, झाली."

"वाढली की परत करू आपण."

"हो."

पोराचं तोंड टॉवेलने पुसण्याइतकं कोवळं होतं. लव परत वाढेपर्यंत तो आपल्या घरी पोचलेला असणार होता, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही श्रीखंडाकडे बघत जेवले.

शनिवारी नील झोपला, उठला, पिशवी भरली. दोन्ही वड्या त्याने मोज्यात घालून नीट ठेवल्या. एक स्वतःला, एक मित्राच्या आजोबांना. गोविंदराव दारात उभे राहून बघत होते. त्या अमावस्येचं सांगून टाकावं असं त्यांच्या दोनदा ओठांवर आलं. पण सांगून पोराच्या डोक्यावर आणखी काय ठेवायचं, असं वाटून त्यांनी पिशवीचा बंद तेवढा ओढून दिला.

रविवारी दुपारी विमान होतं. सोहम बारा वाजता येणार होता. अकरा वाजता नील अचानक म्हणाला, "आजोबा, ते मित्राचे आजोबा मला विचारणार, हा साबण इथले लोक कसा वापरतात. तुम्ही करून दाखवता? मी व्हिडिओ करतो."

"मी सकाळीच केली आहे रे दाढी."

"मग काय झालं. फेस तर दिसेल ना. आणि तुम्ही सांगा, मराठीतच. मी त्यांना समजावीन."

म्हणून एक वडी मोज्यातून परत बाहेर आली. गोविंदराव खिडकीपाशी बसले. नीलने फोन समोर धरला आणि लाल ठिपका दाबला. सुरुवातीला ते अवघडले. मग ब्रश वडीवर फिरू लागला, फेस चढू लागला, वाळ्याचा वास खोलीभर झाला आणि त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"ब्रश दाबायचा नाही. नुसता फिरवायचा. फेस घट्ट झाला पाहिजे, वाटी उलटी केली तरी पडता कामा नये. आता कानापासून सुरुवात. डाव्या हाताने कातडी वर ओढून धरायची, अशी. पातं तिरकं. वजन रेझरचं, हाताचं नाही."

ते अधूनमधून वर बघत होते. नील फोनच्या पडद्याकडे बघत होता, चित्र बरोबर येतंय की नाही ते. त्याचा एक डोळा बारीक झाला होता आणि जीभ किंचित बाहेर आली होती, अगदी पहिलीतली मुलं ओळीत लिहिताना काढतात तशी. उजवा गाल झाला. रेझर पाण्यात बुडवून त्यांनी डाव्या गालाकडे नेला, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा.

"बारा नाही वाजले," गोविंदराव म्हणाले.

नीलने खिडकीतून डोकावलं. "सोहमदादा आलाय. गाडीत अजून लोक आहेत." खालून सोहम ओरडून सांगत होता, पाहुण्यांना आधी स्टेशनला सोडायचंय, लगेच या. "पुरे आजोबा, एवढं पुष्कळ झालं. बाकीचं मी सांगेन त्यांना." ठिपका बंद झाला. त्याने ओली वडी फडक्यात गुंडाळून पिशवीत कोंबली, वाकून नमस्कार केला आणि मिठी मारली. त्याच्या शर्टाला, कानाला, सगळीकडे फेस लागला. दोघंही हसले.

गाडीत गोविंदरावांना जागा नव्हती. ते गळ्यात टॉवेल घालून जिन्याखाली उभे राहिले. शेजारचे लोक बघत होते. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून एक हात हलला. तो नीलचाच होता का, हे गर्दीमुळे नक्की कळलं नाही.

वर आले तेव्हा डाव्या गालावरचा फेस सुकून ताणू लागला होता. त्यांच्या फोनवर मालविकेचा निरोप होता: "निघाला का? शिकवलीत ना शेवटी?" त्यांनी तो दोनदा वाचला. उत्तर लिहायला घेतलं आणि सोडून दिलं.

घरातून कुणी प्रवासाला निघालं की मागे राहणाऱ्याने त्या दिवशी दाढी करू नये, असं त्यांची आई म्हणायची. ते आठवलं तसे ते स्वतःशीच मान हलवून खुर्चीत बसले. कारणं पुष्कळ सापडत होती. त्यांचा त्यांना आता उबग आला होता.

वाटीत थोडा फेस उरला होता. त्यांनी फोन आरशाला टेकवून उभा केला, नीलने दाबला होता तसा लाल ठिपका शोधून दाबला, आणि डावा गाल पुन्हा ओला केला.

"नील," ते म्हणाले. "मगाशी मी त्या आजोबांना सांगत होतो. हे तुला सांगतोय. डावी बाजू उजव्या हाताला अवघड जाते. सगळे इथेच कापून घेतात. कोपर वर उचल. अजून. आता वरून खाली, छोटे छोटे हात."

फोन हळूहळू घसरला आणि फडक्यावर उताणा पडला. त्यांच्या लक्षात आलं, पण हात फेसाने भरले होते. पडद्यावर नुसता छताचा पंखा फिरत होता. ते तसेच बोलत राहिले.

"आता ओठाच्या वर. इथे घाई नको. नाक डाव्या हाताने वर धर आणि ओठ आत ओढ. केलंस?"

ते थांबले. समोरच्याचा हात तिथवर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी जाऊ दिला.

"हं," ते म्हणाले. "आता हनुवटी."